बिटरेटची रिकामी जागा म्हणजे बिघडलेली फाइल नव्हे

व्हिडिओ पुन्हा एन्कोड, म्हणजे नव्याने संकुचित, केल्यावर नव्या फाइलच्या तपशिलात व्हिडिओचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणाऱ्या बिटांचे प्रमाण, दिसत नसेल, तर एन्कोडिंग फसले आहे आणि फाइल सदोष आहे, असा दावा बराच फिरत असतो. त्याच्यासोबत आणखी तीन गोष्टी सांगितल्या जातात. एन्कोडर मूळ फाइलमधली बिटरेटची नोंद पुसून टाकतो. हे सीआरएफ, म्हणजे दर्जा ठरवून आकार एन्कोडरवर सोडण्याची पद्धत, वापरल्यामुळे घडते, म्हणून ठरावीक बिटरेट द्यावा. आणि तेही जमत नसेल तर मूळ फाइलचा मेटाडेटा, म्हणजे फाइलविषयीच्या नोंदी, नव्या फाइलमध्ये उतरवून घ्यावा. यांपैकी शेवटचा सल्ला नुसता निरुपयोगी नसून अपायकारक आहे.

आधी मूळ दाव्याकडे पाहू. बिटरेट हा चित्राच्या रुंदी-उंचीसारखा प्रवाहात, म्हणजे एन्कोड केलेल्या व्हिडिओच्या माहितीत, लिहून ठेवलेला गुण आहे, असे त्यात गृहीत धरले आहे. वस्तुतः सरासरी बिटरेट हा एकूण बिट भागिले कालावधी एवढाच हिशेब आहे, आणि तो चटकन मांडता येतो की नाही हे कंटेनरवर, म्हणजे व्हिडिओ आणि ध्वनी ज्या डब्यात ठेवलेले असतात त्या फाइल-प्रकारावर (एमपी४, एमकेव्ही), अवलंबून असते. एमपी४ फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमचा आकार बाइटमध्ये नोंदवणारा तक्ता असतो; एफएफप्रोबसारखे फाइलचा तपशील दाखवणारे साधन त्याची बेरीज करून क्षणात आकडा दाखवते. एमकेव्हीमध्ये असा एकत्रित तक्ता नसतो. तिथे फ्रेमचे आकार फाइलभर विखुरलेल्या ब्लॉकांसोबत असतात, त्यामुळे बेरीज करायची तर फाइल अथपासून इतिपर्यंत वाचावी लागते. वरवर डोकावणारे साधन ते करत नाही आणि बिटरेटच्या जागी ‘एन/ए’ (उपलब्ध नाही) लिहून मोकळे होते.

याची खातरजमा कोणालाही करता येईल. बिटरेट न दाखवणारी एमकेव्ही फाइल घ्यावी आणि तिच्यातला व्हिडिओ प्रवाह पुन्हा एन्कोड न करता, जसाच्या तसा, एमपी४मध्ये ठेवावा. चित्राच्या माहितीला धक्का लागत नाही, आणि तरीही बिटरेट दिसू लागतो. प्रवाहच सदोष असता तर डबा बदलल्याने तो बरा झाला नसता. फाइल खरोखर सदोष आहे का, हे पाहायचे असेल तर ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत डीकोड करून त्रुटींचे संदेश येतात का ते पाहावे. एफएफएमपेग या एन्कोड-डीकोड करणाऱ्या साधनात निकाल कुठेही न साठवता केवळ डीकोड करण्याची सोय त्यासाठीच उपयोगी पडते.

नोंद ‘पुसली जाते’ हे म्हणणेही यातच निकाली निघते. मूळ फाइल एमपी४ असेल तर तिथे दिसणारा आकडा बहुधा त्या तक्त्यावरून काढलेला होता. नवी फाइल एमकेव्ही झाली आणि तक्ता राहिला नाही, इतकेच.

सीआरएफवरचा ठपका मात्र थोडा तपशिलात पाहायला हवा, कारण त्यात सत्याचा अंश आहे. एकच व्हिडिओ एकदा सीआरएफ २३ ठेवून आणि एकदा २००० केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) सरासरी देऊन एफएफएमपेगने एमकेव्हीमध्ये एन्कोड केला, तर एफएफप्रोब दोन्हींचा बिटरेट रिकामाच दाखवते. दोन्ही एमपी४मध्ये केले तर दोन्हींचा दिसतो. मग दाव्यावर लोकांचा विश्वास का बसतो? एक्स२६४ हा एन्कोडर आपल्या सेटिंग्ज मजकुराच्या रूपात प्रवाहातच लिहून ठेवतो आणि मीडियाइन्फो हे तपशील दाखवणारे साधन तो मजकूर वाचते. ठरावीक बिटरेट दिला असेल तर मीडियाइन्फो तो ‘नॉमिनल’ म्हणून दाखवू शकते. पण ती एन्कोडरला दिलेली आज्ञा आहे, मोजमाप नव्हे. तपशिलातला एक रकाना भरावा म्हणून सीआरएफ सोडणे, म्हणजे दृश्यांच्या गरजेनुसार ठरणारा आकार सोडून आशय पाहण्याआधीच ठरवलेला आकार पत्करणे. हा सौदा मला तरी पटण्यासारखा वाटत नाही.

आता मेटाडेटा उतरवून घेण्याचा सल्ला. एमकेव्हीमर्ज हे साधन फाइल तयार करताना प्रत्येक ट्रॅकसाठी बिटरेट, कालावधी, फ्रेमची संख्या आणि एकूण बाइट असे सांख्यिकी टॅग लिहिते. हे टॅग म्हणजे साधा मजकूर; प्रवाहाशी त्यांचे आपोआप जुळणारे नाते नसते. अशी फाइल एफएफएमपेगने पुन्हा एन्कोड केली की वेगळे न सांगताही ट्रॅकचा मेटाडेटा सहसा नव्या फाइलमध्ये येतो, आणि त्यासोबत जुना बिटरेटही. समजा, मूळ व्हिडिओ दोन तासांचा आणि ८००० केबीपीएसचा होता. नवी फाइल १.८ जीबीची झाली, तरी टॅग ८००० केबीपीएसच सांगत राहतो. दोन तास म्हणजे ७२०० सेकंद. त्या दराने केवळ व्हिडिओच ७.२ जीबीचा हवा. १.८ जीबीच्या फाइलमध्ये तो बसणार कुठे? मीडियाइन्फो अशा वेळी टॅग लिहिणारे साधन आणि फाइल लिहिणारे साधन जुळत नसल्याची सूचना देते, पण सगळीच साधने एवढी चिकित्सक नसतात. रिकामी जागा पाहून माणूस निदान शोध तरी घेतो. चुकीचा आकडा तो बिनदिक्कत पुढे वापरतो.

आकडा हवाच असेल तर १.८ जीबी गुणिले ८ भागिले ७२०० हे गणित पुरेसे आहे: एकूण २००० केबीपीएस. त्यातून ध्वनीचे, समजा, १२८ वजा केले की व्हिडिओचे सुमारे १८७२ उरतात. फाइलमध्येच नोंद हवी असेल तर एमकेव्हीप्रॉपएडिट हे साधन ट्रॅकचे सांख्यिकी टॅग नव्याने मोजून लिहिते. त्यासाठी ते पूर्ण फाइल वाचते, पण प्रवाहाला हात लावत नाही, आणि जुने चुकीचे आकडेही त्यातच दुरुस्त होतात. माध्यम-सर्व्हर जेव्हा बिटरेट पाहून व्हिडिओ थेट पाठवायचा की आणखी लहान करून, हे ठरवतो, तेव्हा ही नोंद असणे खरोखर उपयोगाचे आहे. केवळ पाहण्यासाठी ठेवलेल्या फाइलला तिच्यावाचून काही अडत नाही.