माझीच पावलं, मलाच दिसेनात

शनिवारी डोंबिवलीहून दादर, गाडी बदलून ग्रँट रोड आणि तिथून उन्हात लॅमिंग्टन रोड असं करत साडेपाचशे रुपयांचा ब्लूटूथ डाँगल (कॉम्प्युटरला बिनतारी जोडणी देणारा खडा) आणला, मनगटावरच्या पट्ट्याने मोजलेली माझी पावलं कॉम्प्युटरवर उतरावीत म्हणून. दुसरा! पहिला 'जुन्या व्हर्जनचा आहे, चालणार नाही' असं पट्टेवाल्या कंपनीच्या फोनवरच्या पोराने सांगितलं होतं. घरी येऊन टेबलाखाली गुडघे टेकले, जळमटांत डोकं घातलं आणि कॉम्प्युटरच्या पाठीत तो खुपसला. टुंग वाजलं. निळा दिवा लागला. शेजारच्यांचा टीव्ही सापडला. लेकाचा जुना स्पीकर सापडला. माझ्या मनगटावरचा, वीतभर अंतरावर असलेला पट्टा मात्र सापडेना.

परत फोन. पाऊण तास तीच पिपाणी ऐकून झाल्यावर, "मॅम, तुमचं विंडोज कुठलं?" सेव्हन. "मग नाही होणार मॅम." हे वाक्य पहिल्या डाँगलच्या आधी सांगता येत नव्हतं? आणि मॅम काय मॅम! बाई म्हण, काकू म्हण, आजी म्हणालास तरी चालेल.

लेकाने मग समजावलं. पट्टा बोलतो ते ब्लूटूथ वेगळं, कमी बॅटरी खाणारं, २०१० साली आलेलं. विंडोज सेव्हन २००९ चं. त्याला जुनं ब्लूटूथ कळतं, हे नवं मुळातून कळत नाही, डाँगल कितीही ताजा लावा. विंडोजला ते कळायला लागलं २०१२ मध्ये, आठ आल्यावर. म्हणजे आडनाव एक आणि बोलणं बंद. भाऊबंदकीच की ही!

बरं, मग खोक्यावर कॉम्प्युटरचं चित्र कशाला? त्याच्या डोक्यावर एक चांदणी, आणि चांदणीचा खुलासा खोक्याच्या बुडाशी, मुंगीच्या अक्षरात. पट्ट्याच्या चार्जिंगच्या वायरीचीही तीच गंमत. एका टोकाला चांगलं यूएसबी, म्हणून मी दोन दिवस खोचून वाट बघत बसले. दुसऱ्या टोकाला बघते तर दोन पिना. नुसता करंट जातो, माहिती नाही.

"फोनवर बघ ना," इति आमचे हे. फोनवर 'जागा अपुरी'. आणि मला ते फोनवर नकोच आहे! माझी फास्टिंगची शुगर, बीपी, वजन, सगळं एक्सेलमध्ये आहे, तारीखवार. तीस वर्षं हिशेब जुळवण्यात गेलीत माझी. पावलांचा रकाना तेवढा रिकामा. पाय माझे, घाम माझा, आणि आकडे बघायला परवानगी कोणाची?

लेक म्हणतो नवीन घे. कारण याच्यावर विंडोज अकरा चढणार नाही, त्याला टीपीएम नावाची कसलीशी चिप लागते. दहा चढलंही असतं, पण त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला. दोन हजारांच्या पट्ट्यासाठी चाळीस हजारांचा कॉम्प्युटर! नाकापेक्षा मोती जड. हीच जमात प्रिंटरवाल्यांची. निळी शाई संपली म्हणून काळं पत्र छापणार नाही. आणि दरवर्षी चार्जरचं तोंड बदलणारे ते दुसरे. एक ड्रॉवर भरलाय नुसता तोंडांनी.

आता खरं सांगायचं तर हे आकडे तरी काय लायकीचे? आरतीत टाळ्या वाजवल्या की पावलं वाढतात. पोळ्या लाटल्या, वाढतात. सुपरमार्केटात ढकलगाडी धरून अर्धा तास हिंडले तर जेमतेम दोनशे, कारण हात हलत नाही. त्या दहा हजारांचं खूळसुद्धा १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातून आलेलं. दहा हजार पावलं मोजणारं, एवढंच ते नाव. आणि मी ते डॉक्टरांचं वचन समजून गॅलरीत येरझाऱ्या घालत होते.

शनिवारी रात्री पट्ट्यावर १३,२१२ दिसली. माझा उच्चांक. सगळी डाँगलपायी. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या नाडी ११२, तीही फोनवर पिपाणी चालू असतानाच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

दुकानदार डाँगल परत घेत नाही, पाकीट फोडलंय म्हणे. न फोडता कसं लावायचं ते त्यानेच सांगावं. तर दोन डाँगल पडून आहेत. कोणाला हवे असतील तर घेऊन जा, पण आधी तुमचं विंडोज कुठलं ते बघा.