सोळाचा घोळ

मे महिन्यातल्या दुपारी सोलापुरात कोणताही शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही, आणि पारा 43 अंशांना टेकला की घरात बसलेलाही फारसा शहाणा उरत नाही. अशाच एका दुपारी मी ब्लॅकजॅक नावाचा पत्त्यांचा खेळ शिकायला बसलो. आदल्या रात्री हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याहून आलेला माझा भाचा पलंगावर आडवा होऊन मोबाइलवर पत्ते खेळत होता. बदाम सात आणि मेंढीकोट यांत उभी हयात घालवलेल्या मामाला त्याने न विचारता एकटेच खेळावे, हे मला लागले.

ऑनलाइन कॅसिनो म्हटल्यावर मी आधी खिसा चाचपला. भाच्याने मला कायदा सांगितला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये बंदी आणली आहे, त्यामुळे हा सारा सराव खोट्या नाण्यांचा होता. मला अशी 1000 नाणी फुकट मिळाली. नाणी खोटी असली तरी ती जाताना पोटात पडणारा खड्डा अगदी खरा असतो, हे मला पुढच्या दहा मिनिटांत कळले.

खेळ ऐकायला सोपा आहे. आपल्याला दोन पत्ते मिळतात आणि डीलरलाही, म्हणजे कॅसिनोच्या वतीने पत्ते वाटून खेळणाऱ्यालाही, दोन, त्यांतला त्याचा एक उघडा व एक झाकलेला. राजा, राणी आणि गुलाम तिघांचीही किंमत दहा, जी ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून "गुलामाएवढीच होय!" असा उद्गार काढला. एक्का मात्र प्रसंग पाहून एक होतो किंवा अकरा. असा एक गृहस्थ प्रत्येक भावकीत असतो. बेरीज 21 च्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, पण 21 ओलांडले की आपण उडालो. कॅसिनोची खरी मेख इथेच आहे, कारण आधी खेळायचे आपण. आपण उडालो की आपली नाणी तेव्हाच जमा होतात, मग मागाहून डीलरही उडो की न उडो.

या डीलरचा मला मनापासून हेवा वाटला. 16 पर्यंत पत्ता घ्यायचा आणि 17 झाले की थांबायचे, एवढाच त्याला नियम, त्यामुळे डोके चालवायचा प्रश्नच येत नाही. डोके चालवायचे ते आपण. 'हिट' दाबले की पत्ता येतो, 'स्टँड' दाबले की थांबता येते, आणि ही दोन बटणे एकमेकांना इतकी खेटून असतात की भाकरीबरोबर शेंगाची चटणी खाता खाता खेळणाऱ्याने काय करावे, याचा विचार ती बनवणाऱ्याने केलेला दिसत नाही. माझे 19 झाले होते. चटणीच्या तेलाने माखलेला अंगठा 'स्टँड'वरून घसरला तो थेट 'हिट'वर, आणि छक्की आली. भाच्याने पडदा धोतराच्या सोग्याला पुसायला सांगितले. मी लुंगीत होतो.

डीलरचा उघडा पत्ता एक्का असला की पडद्यावर 'इन्शुरन्स' हवा का, अशी विचारणा होते. माझे साडू विमा एजंट असल्यामुळे या विचारणेला नकार देण्याची मला सवयच राहिलेली नाही. दर वेळी मी डावावर लावलेल्या नाण्यांच्या निम्मी नाणी मोजून विमा घेतला. डीलरच्या झाकलेल्या पत्त्यात दहाची किंमत निघाली तर विम्याचे दुप्पट मिळतात, पण तशी ती निघण्याची शक्यता तेरांत चार, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून कमी, हे भाच्याने मला 200 नाणी गेल्यावर सांगितले. साडूंना हे अजून कोणी सांगितलेले नाही.

आणि मग माझे 16 झाले, समोर डीलरची दश्शी. या खेळातली याहून वाईट जागा नाही. पत्ता घ्यावा तर तेरांपैकी आठ प्रकारचे पत्ते आपल्याला उडवतात, आणि न घ्यावा तर डीलर उडण्याची वाट पाहायची, जी चारांत एकाहूनही कमी वेळा फळाला येते. 1956 साली अमेरिकी लष्करातल्या चौघांनी साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून हातात कोणते पत्ते असताना काय करावे याचा तक्ता छापला होता. आज भाच्याच्या मोबाइलवर असलेला असाच तक्ता या ठिकाणी 'घ्या' म्हणतो. घेतले तरी बहुधा हरालच, पण किंचित कमी, असा त्याचा दिलासा. मी बोट अधांतरी धरून बसलो.

तेवढ्यात नळाला पाणी आले. चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्यापुढे 16 काय आणि 21 काय! मी धावत जाऊन मोटर लावली, भाच्याने पिंप आणि घागरी मांडल्या, आणि मी पुन्हा पलंगावर आलो तर पडद्यावर 16 तसेच होते. सोलापूरच्या कोणत्याही पाहुण्यापेक्षा त्याला धीर जास्त होता.

घेऊ की थांबू, घेऊ की थांबू, असे माझे किती वेळ चालले ते सांगता येत नाही. हाताला पीठ लागलेल्या सौभाग्यवती दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तक्ता काय म्हणतोय?"

"घ्या म्हणतोय."

"मग घ्या की!"

मी घेतला. पंजा आला. 21! डीलरने झाकलेला पत्ता उलटला तर राणी; त्याचे 20 झाले आणि तो नियमाप्रमाणे थांबला. मी पलंगावरून उठून ओरडणार, इतक्यात शेजारच्या काकूंनीच गच्चीवरून हाक दिली.

"अहो, मोटर बंद करा! तुमची टाकी केव्हाची वाहतेय!"