गिरणी बंद आहे

आज पनवेलला एका साखरपुड्याला गेले होते. जेवण छान, हॉल थंडगार, दाराशी शोभेला एक जुनं जातं मांडलेलं आणि त्याला झेंडूची माळ. सगळं नीट चाललेलं. मग मठ्ठ्याच्या टेबलाशी आमच्या एका चुलत-चुलतभावाने त्याचा ठेवणीतला प्रश्न काढला. "मला एक सांग, त्यांच्यात, मुसलमानांत, आपल्याच धर्मातल्या चुकांवर कुणी बोलतच कसं नाही गं? आपल्यात फुले झाले, आगरकर झाले, कर्वे झाले. त्यांच्यातला एक दाखव." आजूबाजूच्या चारपाच माना हलल्या. मी जिलबी खात होते. खातच राहिले.

आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि झोप येत नाहीये. म्हणून हे.

दाखवते, दादा. लांब जायचं कारण नाही, सांताक्रूझपर्यंत चल. असगर अली इंजिनिअर. आडनावच इंजिनिअर, आणि माणूस खरोखरचा सिव्हिल इंजिनिअर. मुंबई महापालिकेत वीसेक वर्षं नोकरी केली. म्हणजे ज्या शहरात तू तीस वर्षं लोकलने जातोयस, त्याच शहराची कामं या माणसाने पाहिली, आणि तुला नाव माहीत नाही. मला तरी कुठे माहीत होतं? कॉलेजात एका सरांनी वर्तमानपत्राचं कात्रण हातात ठेवलं नसतं तर मीही आज तुझ्याच बाजूला उभी राहून मान हलवली असती. हेही लिहून टाकते, उगाच शहाणपणा नको.

जन्म १९३९चा, राजस्थानात उदयपूरजवळच्या सलुंबरचा. वडील दाऊदी बोहरा समाजाचे, म्हणजे मुसलमानांतल्या एका शिया पंथाचे, धर्मगुरू. अरबी, कुराणाचा अर्थ, हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं, धर्मशास्त्र हे सगळं पोराला वडिलांनीच शिकवलं. म्हणजे हा कुणी बाहेरून दगड मारणारा नव्हता, गाभाऱ्यात वाढलेला होता. तिथूनच त्याने हिशोब विचारला.

हिशोब विचारला म्हटलं की मला आमची आजी आठवते. सांगतेच.

आमचं गाव रायगडात. नाव लिहीत नाही, अजून घर आहे तिथे. आजोबांनी एका वर्षी पालखीच्या वर्गणीचा हिशोब मागितला. बस, एवढंच. गावकीने दंड ठोठावला, आजोबांनी भरला नाही आणि आम्हाला वाळीत टाकलं. मी तेव्हा नऊ वर्षांची, मे महिन्याच्या सुट्टीत गेलेले. आजी टोपल्यात तांदूळ घेऊन गिरणीवर निघाली, मी तिचं बोट धरून. इंजिन धडधडत होतं, पट्टा फिरत होता, पिठाचा वास येत होता. गिरणीवाला आजीकडे न बघता म्हणाला, "काकू, गिरणी बंद आहे." पट्टा फिरतोय आणि गिरणी बंद आहे! आजी म्हणाली, "बरं." टोपलं उचललं आणि मागे वळली. त्या रात्री उशिरापर्यंत जात्याची घरघर ऐकू येत होती.

आता बोहऱ्यांकडे याला काय म्हणतात? बरात. लग्न असो की दफन, धर्मगुरूंची रजा लागते, रजा म्हणजे परवानगी. जो विरोधात गेला त्याच्याशी सख्ख्या भावानेही बोलायचं नाही, बोलला तर तोही बाहेर. १९७२च्या सुमाराला उदयपुरात बोहऱ्यांनी याविरुद्ध बंड केलं, इंजिनिअर त्यात उतरले आणि १९७७ला सुधारकांच्या मध्यवर्ती मंडळाचे सरचिटणीस झाले. पुढे न्यायमूर्ती नथवानींच्या आयोगाने या छळाची चौकशी केली, १९७९ला अहवाल आला. बरं, आपल्या मुंबई राज्याने १९४९लाच बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो सुप्रीम कोर्टाने १९६२ला रद्द ठरवला. धर्मातून काढणं हा धर्माचा अंतर्गत मामला, असं म्हणून. गिरणी बंद करणं हाही अंतर्गत मामलाच असेल मग!

(मान्य, बोहरा समाज शिस्तीचा आहे, उद्यमी आहे, एकमेकांना धरून आहे. आमचं गावही एकमेकांना धरूनच होतं.)

फेब्रुवारी २०००मध्ये मुंबई विमानतळावर या माणसाला मारहाण झाली. वय साठ. त्याच दिवशी सांताक्रूझचं घर आणि ऑफिस फोडलं. ही पहिली वेळ नव्हती. आणि तू मठ्ठ्याचा ग्लास हातात धरून विचारतोस, कुणी बोलत का नाही!! अरे, बोलणाऱ्याचं घर फुटलं त्या दिवशी तू कुठे होतास? मी कुठे होते? तुझ्या-माझ्या घरी पेपर येत नव्हता का?

पाणी पिऊन आले. जरा शांतपणे लिहिते.

मला या माणसाचं सगळ्यात जास्त काय आवडतं, तर त्याने धर्म सोडला नाही. आपल्या मित्रमंडळींना हमीद दलवाई जवळचे वाटतात आणि वाटायलाच हवेत. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा आपला माणूस, १९६६ला तलाकपीडित सात बायकांचा मोर्चा काढणारा. पण दलवाई धर्माच्या बाहेर उभे राहून बोलले. इंजिनिअर कुराण हातात घेऊन मौलवींच्या समोर बसले आणि म्हणाले, चला, वाचू या. चार बायका म्हणता ना? चौथ्या सुरेची, म्हणजे अध्यायाची, तिसरी आयत, परवानगी आहे, पण सगळ्यांशी न्यायाने वागाल तरच. आता त्याच सुरेची १२९वी आयत वाचा. कितीही मनात आणलंत तरी बायकांमध्ये सारखा न्याय तुमच्याच्याने होणार नाही, असं तिथे लिहिलंय. मग उरलं काय? एकच बायको. आमच्या आजोबांचं तरी दुसरं काय चाललं होतं? पालखी नको असं ते कधीच म्हणाले नाहीत. पालखीची वही दाखवा म्हणाले. देव नाही म्हणणाऱ्याला गाव वेडा म्हणून सोडून देतं, वही मागणाऱ्याला सोडत नाही.

शाहबानो या तलाक झालेल्या बाईला सुप्रीम कोर्टाने पोटगी दिली त्या वेळी, १९८५-८६ला, बहुतेक मौलवी एका बाजूला आणि राजीव गांधींचं सरकार त्यांच्यापुढे वाकलेलं, तेव्हा हे पोटगीच्या बाजूने उभे होते, तेही कुराणातून आधार काढून. तिहेरी तलाक चूक आहे हे त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. सुप्रीम कोर्टाने तो २०१७ला रद्द केला, तोवर ते जाऊन चार वर्षं झाली होती.

आता तुम्ही म्हणाल, सोयीच्या आयता घ्यायच्या आणि गैरसोयीच्या 'त्या काळापुरत्या' म्हणायच्या, असं करता येतं का? ठीक आहे, कधी कधी मलाही त्यांचं वाचन जरा सोयीचं वाटतं. पुढे जाते.

दंगलींचं काम तर वेगळंच. जबलपूरची दंगल १९६१ची, ती त्यांच्या मनातून कधी गेली नाही. भिवंडी पेटली १९८४ला, तेव्हा त्यांनी त्या दंगलीवर पुस्तक काढलं. दंगल धर्मामुळे होत नाही, धर्म पुढे करून कुणीतरी धंदा किंवा निवडणूक साधतं, हे ते घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिले. १९८०ला इस्लामी अभ्यासाची संस्था काढली, ९२-९३च्या मुंबईतल्या दंगलींनंतर धर्मनिरपेक्षतेच्या अभ्यासाचं केंद्र काढलं. पन्नासेक पुस्तकं. २००४ला स्वामी अग्निवेश यांच्यासोबत राइट लाइव्हलीहूड पुरस्कार, ज्याला लोक पर्यायी नोबेल म्हणतात. भगव्या कपड्यातला आर्यसमाजी आणि हा दाढीवाला बोहरा एकाच मंचावर. असला फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही. १४ मे २०१३ला मुंबईतच गेले.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. त्या दिवशी गिरणीवर रांग होती. पाच-सहा बायका. आजीच्या पुढे जी उभी होती ती तिची सख्खी धाकटी जाऊ. दोघी एकाच मांडवातून त्या घरात आलेल्या. ती पूर्ण वेळ स्वतःच्या पायाच्या जोडव्यांकडे बघत होती. मला ती जोडवी अजून दिसतात, एक वाकडं होतं. दादा, ती तुझी आजी.

रागावू नकोस. मी तिला दोष देत नाहीये. वाळीत टाकलेल्याशी बोलणाऱ्यालाही दंड होता आणि तिच्या घरात खाणारी तोंडं नऊ. गिरणीवाल्यालाही दंड होताच. आणि आमच्याकडेही फार काही झेंडा फडकला नाही. दोन वर्षांनी माझ्या बाबांनी आजोबांना न सांगता गुपचूप दंड भरून टाकला, तेव्हा कुठे सावडीला, म्हणजे एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबायला, माणसं मिळाली आणि भात लागला. आजोबा त्यानंतर बाबांशी फारसं बोलले नाहीत. इंजिनिअरांच्या बाजूने असा दंड भरणारं कुणी नव्हतं, की होतं आणि त्यांनी भरू दिला नाही, कोण जाणे. ते शेवटपर्यंत सुधारकांसोबत राहिले, एवढं खरं.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या विधिमंडळाने कायदा केला २०१६ला. आजी तोवर राहिली नव्हती.

आज त्या चारपाच जणांत मी पण होते, दादा. तू विचारलंस, मला उत्तर येत होतं, नाव-गाव-तारखेसकट, आणि मी ताटातल्या जिलबीकडे बघत बसले. तू हे वाचशील हे माहीत आहे, टॅगच केलंय. भांडायचं असेल तर उद्या फोन कर, संध्याकाळी सातनंतर. आणि हॉलवाल्याचा नंबर असेल तर पाठव. ते दारातलं जातं त्याने कुठून आणलं, मला विचारायचंय. त्याचा खुंटा आमच्या जात्यासारखाच एका बाजूने झिजलेला होता.