बालवर्गातल्या ताईचं पहिलं काम

बालवर्गासाठी शिक्षिका हव्या आहेत अशा जाहिराती कधी नीट वाचल्यात? ‘मुलांची आवड असावी, हसतमुख असावी, नाच-गाणी-हस्तकला येत असल्यास प्राधान्य.’ वर्गासाठी ताई शोधताहेत की वाढदिवसाच्या पार्टीसाठी कोणी, तेच कळत नाही.

या वयाच्या मुलांमध्ये बरीच वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय. ताईचं पहिलं काम बघणं. शिकवणं वगैरे सगळं त्याच्या मागून येतं. गाता आलं नाही तरी निभतं, बेसूर ताईही मुलांना तितकीच आवडते (अनुभवाचे बोल आहेत). पण ज्या ताईला बघता येत नाही, तिचा वर्ग कितीही सजलेला असो, त्यात मुलांचं काय चाललंय याचा तिला पत्ता नसतो.

बघणं म्हणजे नुसती नजर ठेवणं नाही. साडेतीन वर्षांचा एक मुलगा छोट्या जगमधून पेल्यात पाणी ओततोय. सांडतंय. कोणाही मोठ्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो, ‘थांब, मी देते ओतून’. बघणारी ताई हात आवरते. दुसऱ्या हाताने तो पेला धरतोय का? डोळे जगच्या तोंडाकडे आहेत की पेल्याच्या काठाकडे? सांडल्यावर थांबतो की ओततच राहतो? एवढं दिसलं की उद्या त्याच्यासमोर काय मांडायचं ते तिला कळतं. जग आणखी लहान हवा, पेला रुंद तोंडाचा हवा, की आधी पाण्याऐवजी कोरडं धान्य द्यावं. शेवटी फडकं कुठे ठेवलंय ते दाखवायचं आणि पुसायचं त्यालाच द्यायचं. दारातून डोकावणाऱ्याला मात्र वाटतं, बाई नुसत्या बसून आहेत.

मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर. १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. त्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट त्यांनीच लिहून ठेवली आहे. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दंडगोल त्यांच्या त्यांच्या खाचांत बसवत होती. सगळे काढायचे, मिसळायचे, पुन्हा बसवायचे. बाई मोजू लागल्या. मग बाकीच्या मुलांना गाणं म्हणायला लावलं. मुलीची मान वर झाली नाही. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिने सामान मांडीवर ओढून घेतलं आणि काम पुढे चालू. चाळीसहून जास्त वेळा तिने ते केलं, आणि मग स्वतःच थांबली. आज माँटेसरी या नावाने साहित्य मिळतं, प्रशिक्षणं मिळतात, शाळांच्या पाट्या रंगतात. त्या दिवशी बाईंनी काय केलं होतं? मोजलं होतं.

आता लिहिण्याचं. तीन वर्षांचं मूल अजून अक्षरं गिरवत नाही म्हणून घाबरलेले पालक मी इतके पाहिलेत की चेहरा बघूनच प्रश्न ओळखू येतो. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेचीच असतात, एक्स-रेमध्ये दिसतही नाहीत. एकेक करत ती कडक होत जातात आणि मूल पहिलीत गेलं तरी हे काम पुरतं झालेलं नसतं. पेन्सिल धरण्याचंही तसंच. आधी मुठीत, मग हळूहळू बोटांत. साडेतीन-चारच्या सुमाराला तीन बोटांची पकड दिसू लागते, पण तेव्हा हलतो तो अख्खा हात. बोटं स्वतंत्रपणे हलवून लिहिणं साधारण साडेचार ते सहाच्या दरम्यान जमू लागतं, आणि त्यातही मुलामुलांत बराच फरक असतो. म्हणून शहाणी ताई आधी माती मळायला देते, कागद फाडायला देते, मणी ओवायला, चिमट्याने कापसाचे गोळे उचलायला, ओला स्पंज पिळायला देते. उभ्या फळ्यावर मोठमोठ्या रेघोट्या ओढू देते, त्याने खांदा आणि मनगट दोन्ही कामाला लागतात. ही लिहिण्याचीच तयारी आहे. फक्त ती वहीत दिसत नाही, आणि पालकसभेत दाखवायला सगळ्यांना वही लागते.

बोलण्याकडेही बघावं लागतं, विशेषतः स्वतःच्या. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गांमधली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदभर थांबत होते. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलं कमी झाली, एरवी मागे असणारी मुलंही बोलू लागली. ही बालवर्गापेक्षा थोड्या मोठ्या मुलांची गोष्ट. चार वर्षांच्या मुलाला तर शब्द शोधायलाच वेळ लागतो. मनातल्या मनात तीन मोजून बघा, केवढे मोठे वाटतात ते तीन सेकंद!

चड्डी ओली होणं, नाक वाहणं, शू-शीला नेणं ही ‘मावशींची कामं’ आणि ताई फक्त ‘शिकवणार’, ही वाटणी मला कधीच पटली नाही. मदतीला मावशी हव्यातच. पण चड्डी ओली झालेल्या मुलाकडे ताई कोणत्या चेहऱ्याने बघते, यावरून ते मूल स्वतःबद्दल काय समजायचं ते ठरवत असतं. सुरक्षिततेचंही ताईकडेच. वर्गातून बाहेर पडताना आणि परत आल्यावर डोकी मोजायची, दर वेळी, कंटाळा आला तरी. घरी कोणाबरोबर सोडायचं याची यादी पाळायची. ‘मी तिचा काका आहे’ म्हणून हसत आलेल्या माणसाला, यादीत नाव नसेल तर, हसतच थांबवायचं. त्याला राग आला तर येऊ द्यावा.

सुरुवातीच्या आठवड्यातल्या रडारडीबद्दल पालकांना एकच सांगते. मूल खेळात गुंतलं की गुपचूप सटकू नका. त्या दिवसापुरतं सोपं जातं, पण मूल शिकतं ते असं की आपण खेळायला लागलो की आई नाहीशी होते. मग ते खेळायचंच सोडतं आणि दाराकडे बघत बसतं. ‘मी जाते, तुझं खाणं झालं की येते’ असं सांगून, टाटा करून जा. रडेल. रडू दे, ताई आहे.

चावणारं मूल हा आणखी एक नाजूक विषय. दोन-अडीच वर्षांच्या मुलांत हे सर्रास होतं आणि दोन्ही घरांतून फोन येतात. ‘तुझा मुलगा हिंसक आहे’ असं ताई म्हणाली तर संपलंच. त्यापेक्षा काही दिवस नोंद करावी: केव्हा चावला, कुठे, त्याच्या आधी काय चाललं होतं. बऱ्याचदा दिसतं की चावणं ठरावीक वेळीच होतं, भूक लागलेली असताना किंवा अरुंद जागी गर्दी झाली की. मग खाणं जरा आधी देता येतं, खेळण्यांचा कोपरा मोठा करता येतो. ‘मला दे’ किंवा ‘नको’ हे शब्द त्याच्या तोंडी बसवता येतात, कारण पुष्कळदा तेच नसतात आणि दात असतात.

या नोंदींबद्दल जरा जास्त बोलते, कारण ताईच्या हातातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते. एखादं मूल मागून हाक मारली की वळत नाही, समोरून मारली की लगेच बघतं. एखादं मूल चित्राचं पुस्तक नाकाला लावून बघतं. एखादं चार वर्षांचं मूल घरच्यांना छान समजतं पण परक्याला त्याचं निम्मं बोलणंही कळत नाही. घरी हे जाणवत नाही, कारण घरात तुलनेला त्याच वयाची दहा मुलं नसतात. ताईपुढे असतात. निदान करणं तिचं काम नाही, आणि ‘मला वाटतं याला काहीतरी आहे’ असं दारात उभ्याउभ्या बोलून मोकळं होणं तर मुळीच नाही. तारखेसह लिहिलेल्या चार नोंदी घेऊन पालकांना शांतपणे बसवावं, काय दिसलं तेवढंच सांगावं, आणि कान किंवा डोळे तपासून घ्या असं सुचवावं. पालक आधी चिडतात. तेही साहजिक आहे. पण कानात साचलेल्या द्रवामुळे कमी ऐकू येणं ही या वयात नेहमी आढळणारी आणि उपचार होणारी गोष्ट आहे, आणि ती वेळेत कळली तर त्या मुलावर ‘लक्षच देत नाही’ असा शिक्का बसायचा वाचतो. अंगावरचे संशयास्पद वळ, अचानक आलेली भीती, हेही याच वहीत जातं, आणि तिथे मात्र वाट न बघता नियमाप्रमाणे पुढे कळवायचं असतं.

हे सगळं चाळीस मुलांच्या वर्गात कसं करायचं? करता येत नाही. साधं गणित आहे. लहान मुलांच्या शिक्षणावर काम करणारी अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना चार वर्षांच्या मुलांसाठी दहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती आणि एका गटात जास्तीत जास्त वीस मुलं असं सुचवते. बालशिक्षणावर भाषण देणारा प्रत्येक जण मिशिगनमधल्या पेरी प्रीस्कूलचा दाखला देतो. १९६२ ते १९६७ या काळात चाललेला प्रयोग, एकूण १२३ मुलं, त्यातली ५८ बालवर्गात, बाकीची तुलनेसाठी. चाळिशीपर्यंत त्यांचा माग ठेवला. बालवर्गात गेलेल्यांचं शिक्षण जास्त झालं, कमाई जास्त, अटका कमी. हे सगळं भाषणात येतं. तिथे एका शिक्षिकेमागे पाच-सहाच मुलं होती, आणि शिक्षिका दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जात होत्या, हे काही भाषणात येत नाही. निकाल पेरीसारखे हवेत, आणि वर्गात मुलं हवीत चाळीस, शिवाय ताईने दर तासाला पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकायचे. फोटोंबद्दल तर मी स्पष्टच बोलते: ताईच्या हातात मोबाइल आहे तेवढा वेळ तिचे डोळे मुलांवर नाहीत. त्यात मुलांना ‘इकडे बघ, हास’ म्हणून हातातलं काम सोडायला लावायचं, म्हणजे वर कहर.

तेव्हा पुढच्या पालकसभेत ताईंना एवढंच विचारा: गेल्या आठवड्यात माझ्या मुलाबद्दल तुम्हाला काय दिसलं? ‘तो ठोकळे रांगेत लावायचा, आता एकावर एक चढवतोय, पण पडले की अजून रडतो’ असं काही ऐकू आलं तर निश्चिंत घरी जा. ‘हुशार आहे, थोडा मस्तीखोर आहे’ एवढंच आलं, तर ताईंवर चिडू नका. त्यांच्या वर्गात मुलं किती आहेत ते विचारा आणि मग शाळेच्या ऑफिसात जाऊन बसा.