हाकलायला मराठीत शब्द नाहीत म्हणे!

परवा तोच फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला, आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग ऑफिसच्या, मग चुलतभावाकडून. मजकूर काय, तर कोणाला घालवायचं असेल तर इंग्रजीत 'फायर', 'सॅक', 'बूट' असे एकसे एक शब्द, प्रत्येकामागे भन्नाट स्टोरी, आणि आपल्याकडे नुसतं 'चल निघ', बाकी सगळं इंग्रजीवरून उचललेलं.

आधी त्या स्टोऱ्या बघू. 'फायर' म्हणे नकोशा माणसाचं घर टोळीवाले जाळायचे त्यावरून आला. अहो, नोकरीच्या अर्थाने हा शब्द अमेरिकेत रुळला तो १९व्या शतकाच्या शेवटी, तेव्हा कुठला मालक कामगाराची झोपडी पेटवत होता? इंग्रजीत 'डिस्चार्ज' म्हणजे बंदूक झाडणंही आणि माणसाला कामावरून काढणंही, बंदूक झाडण्याला 'फायर'ही म्हणतात, त्यावरचा हा विनोद, तो चिकटला. 'सॅक' म्हणजे गोणीत घालून नदीत बुडवणं, हीसुद्धा तसलीच थाप. सगळ्यात पटणारं उत्तर साधं आहे, कारागीर हत्यारं पिशवीत घेऊन यायचा, काम सुटलं की पिशवी उचलून चालता व्हायचा. मग आपलं 'चंबूगबाळं आवर' वेगळं काय सांगतं?

आता 'नुसतं चल निघ'. माझी नोकरी गेली तेव्हा एचआरवाली मॅडम गोड आवाजात म्हणाली, 'वी आर लेटिंग यू गो', जसं काय मीच जायची परवानगी मागत होतो. लालबागला घरी आलो, आत्या मेथी निवडत बसलेली, तोंड बघितलं आणि एवढंच विचारलं, "नारळ दिला काय रे?" म्हणजे मानाने निरोप देताना जो हातात ठेवायचा तोच देऊन कटवायचं! बुटापेक्षा हे जास्त लागतं, अनुभवाने सांगतो.

बरं, हे शब्द एकमेकांच्या जागी चालतही नाहीत. टीममधून डच्चू मिळतो, साहेबाची उचलबांगडी होते (चौघे हातपाय धरून उचलून नेतात ना, तशी), आणि गल्लीतला दादा तडीपार होतो, तेही पोलीस कायद्याने, जास्तीत जास्त २ वर्षं.

उचलेगिरीचं म्हणाल तर 'बाहेरचा रस्ता दाखवणे' मलाही इंग्रजी वळणाचं वाटतं, दिलं ते. पण 'अर्धचंद्र देणे' कुठून उचललं? अंगठा आणि बोटं फाकवून मानगूट धरली की हाताचा जो आकार होतो तो अर्धचंद्र, आणि हा थेट संस्कृतातून आलाय.

बहिष्काराला इंग्रजीत जो 'बॉयकॉट' म्हणतात, त्याची स्टोरी मात्र खरी आहे हां. १८८०मध्ये आयर्लंडमध्ये कुळांनी जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्याशी सगळे व्यवहार तोडले, त्याचंच आडनाव शब्द झालं. आपल्याकडे ह्याच प्रकाराविरुद्ध २०१६चा वेगळा कायदा आहे, कागदावर त्याला 'सामाजिक बहिष्कार' म्हणतात, पण ज्याच्यावर वेळ येते तो अजून चौकीत जाऊन हेच म्हणतो, "साहेब, आम्हाला वाळीत टाकलंय."