इरावतीबाई आणि ‘देशातला पहिला विभाग’

इरावती कर्वे यांच्याविषयीचा एक मजकूर गेली काही वर्षे त्यांच्या जयंतीला, म्हणजे १५ डिसेंबरला, हमखास फिरतो. भारतातला पहिला मानववंशशास्त्र (म्हणजेच मानवशास्त्र, माणसाचे शरीर, समाज आणि संस्कृती यांचा अभ्यास) विभाग त्यांनी १९३९ साली पुणे विद्यापीठात स्थापन केला, त्याआधी हा विषय देशात कोणी शिकवत नव्हते, त्या भारतातल्या पहिल्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या आणि बर्लिनमध्ये हिटलरच्या राजवटीला न जुमानता त्यांनी आपल्या नाझी गुरूंचा सिद्धान्त खोडून काढला, असे त्यात लिहिलेले असते. इरावतीबाईंविषयी आदर असणाऱ्यानेच हे तपासून पाहायला हवे, कारण यातली बरीच विधाने जशी लिहिली आहेत तशी खरी नाहीत.

साल आणि संस्था यांचा मेळच बसत नाही. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. १९३९ मध्ये ते अस्तित्वातच नव्हते. त्या वर्षी सुरू झाली ती डेक्कन कॉलेजमधली पदव्युत्तर संशोधन संस्था. १९३४ मध्ये बंद पडलेले हे कॉलेज नव्या स्वरूपात उघडले, तेव्हा इरावतीबाई तिथे रुजू झाल्या, आणि त्याही समाजशास्त्राच्या प्रपाठक (रीडर) म्हणून. पुण्यात मानवशास्त्राच्या अध्यापनाचा पाया त्यांनी घातला हे निर्विवाद आहे. पण तो समाजशास्त्राच्या दारातून आत येऊन घातला, हा तपशील मजकुरातून गळून जातो.

‘देशातला पहिला’ हा मान कलकत्ता विद्यापीठाचा आहे. शिक्षणतज्ज्ञ आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने तिथे १९२०-२१ च्या सुमारास या विषयाचा स्वतंत्र पदव्युत्तर विभाग उभा राहिला आणि कोचीन संस्थानातल्या जातीजमातींवर काम केलेले एल. के. अनंतकृष्ण अय्यर यांनी तो नावारूपाला आणला. त्याच सुमारास, १९२१ मध्ये, रांचीचे वकील शरच्चंद्र रॉय यांनी ‘मॅन इन इंडिया’ हे नियतकालिक सुरू केले. इरावतीबाई तेव्हा शाळकरी वयाच्या होत्या. त्यामुळे ‘पहिल्या मानववंशशास्त्रज्ञ’ हे विधानही टिकत नाही. भारतातल्या पहिल्या स्त्री-मानवशास्त्रज्ञ असे कोणी म्हणत असेल, तर त्याला आधार आहे. शिवाय ज्या समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी मुंबई विद्यापीठात १९२८ साली एम. ए. केले, ते स्वतः केंब्रिजमध्ये रिव्हर्स आणि हॅडन या मानवशास्त्रज्ञांकडे शिकून आले होते. म्हणजे गुरूंचेही गुरू याच शास्त्राचे.

बर्लिनची गोष्ट अधिक जपून सांगायला हवी, कारण तिच्या गाभ्यात तथ्य आहे. इरावतीबाईंचे तिथले गुरू ऑयगन फिशर हे १९२७ मध्ये बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या मानवशास्त्र, आनुवंशिकी आणि सुप्रजननशास्त्र (युजेनिक्स) संस्थेचे संचालक होते. गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वावर त्यांचा विश्वास होता आणि पुढे त्यांच्या विचारांचा नाझींनी उपयोगही करून घेतला. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध लावता येतो का, हे इरावतीबाईंनी मोजमापे घेऊन तपासले आणि तसा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात मांडला. हे धैर्याचे होतेच. परंतु त्यांचे बर्लिनमधले वास्तव्य १९२८ ते १९३० मधले आहे, हिटलर चॅन्सेलर झाला १९३३ च्या जानेवारीत, आणि फिशर नाझी पक्षाचे सदस्य झाले ते त्याहूनही पुढे. एका विद्यार्थिनीने गुरूच्या अपेक्षेविरुद्ध जाणारी आकडेवारी प्रामाणिकपणे मांडणे पुरेसे मोठे आहे. त्यामागे स्वस्तिकांचे झेंडे लावण्याची गरज नाही.

(जाता जाता: ‘मानववंशशास्त्र’ हा शब्द ऐकला की वंश हाच या विषयाचा केंद्रबिंदू वाटतो. ज्या बाईंनी पहिल्याच मोठ्या संशोधनात वंशाचे माप फोल ठरवले, त्यांच्यासाठी ‘मानवशास्त्र’ हाच शब्द मला योग्य वाटतो.)

या पहिलेपणाच्या हट्टात डेक्कन कॉलेजमधला खरा विशेष झाकला जातो. कलकत्त्याहून खूप उशिरा सुरू झालेल्या या छोट्या विभागाला एकाच आवारात पुरातत्त्व आणि भाषाशास्त्राचा शेजार लाभला होता. गुजरातेत लांघणज येथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना उत्खननात मानवी सांगाडे मिळाले, तेव्हा त्या कामात इरावतीबाई त्यांच्यासोबत होत्या. भाषेच्या शेजाराचा ठसा त्यांच्या १९५३ च्या नातेसंबंधांवरील ग्रंथात दिसतो: त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडले, आणि हे करताना भाषांतली नात्यांची नावे आणि लग्नाचे नियम एकत्र वाचले. मामेबहिणीशी लग्न चालणारा दक्षिणेकडचा रिवाज आणि ते निषिद्ध मानणारी उत्तर यांच्या सीमेवर महाराष्ट्र कसा पडतो, हे त्यांनी याच पद्धतीने दाखवले.