लाइट स्ट्रिंग म्हणजे प्रकाशाची दोरी नव्हे

परवा एका पोराच्या वडिलांनी विचारलं, सर शॉर्टकट कधी सुरू करणार, बाकीच्या क्लासमध्ये सीईटीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या, ट्रिका चालू झाल्यात. फर्स्ट पीयूसीचा, म्हणजे अकरावीचा, हा दुसरा महिना हो!

आता खरं सांगतो. बेळगाव भागातल्या खानापूर, येळ्ळूर, उचगावकडून माझ्याकडं येणारी बरीच पोरं एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यमातली, आणि सायन्स घेतलं की एका सुट्टीत सगळं इंग्रजी. त्वरण म्हणणारी आमची पोरगी आणि वेगोत्कर्ष म्हणणारा कन्नड माध्यमाचा पोरगा, दोघं शेजारी बसतात आणि पुस्तकात ॲक्सिलरेशन आलं की दोघंही गप्प. ढ नाहीत हो ती. एकानं मला विचारलं, "सर, प्रकाशाची दोरी असती काय हो?" गणितात लाइट स्ट्रिंग लिहिलेलं. लाइट म्हणजे हलकी, म्हणजे दोरीचं वस्तुमान धरायचं नाही. स्मूथ म्हटलं की घर्षण शून्य, फ्रॉम रेस्ट म्हटलं की सुरुवातीचा वेग शून्य. अर्धं गणित या असल्या शब्दांतच असतं आणि ते कुठल्याच ट्रिकेत नसतं. म्हणून पहिला महिना मी फक्त प्रश्न वाचून घेतो, मराठीत सांग, चित्र काढ, मग सूत्र.

दुसरी गोची म्हणजे फिजिक्सवाले पहिल्या काही आठवड्यांतच वेगासाठी व्ही बरोबर डीएक्स बाय डीटी लिहून मोकळे होतात आणि गणितात तेव्हा सेट्स चाललेले असतात, डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्या डीएक्स बाय डीटीचा अर्थ, यायला वर्ष सरत येतं. पोरगं बिचारं डी ला डी नं काटतंय! त्यात काय चूक त्याची? मी दोन्ही विषय शिकवतो म्हणून जमतं, आधी दोन दिवस नुसता ग्राफ आणि त्याचा चढ, खानापूरची बस स्टॉपवर थांबली तर रेघ कशी होईल, ब्रेक मारला तर कशी, हेच.

सीईटीत एका विषयाला ८० मिनिटांत ६० प्रश्न, म्हणजे एकाला ८० सेकंद, निगेटिव्ह मार्किंग नाही, मान्य आहे की, स्पीड लागतोच. पण प्रश्न समजायलाच ६० सेकंद गेले तर ट्रिक घालणार कुठं? आणि रँकला पीयूसीचे मार्क पण निम्मे धरतात, तिथं स्टेप्स लिहाव्या लागतात.

वडिलांना एवढं सगळं बोललो नाही. म्हटलं सेकंड पीयूसीत बघू. पोराला मात्र सांगितलंय, शनिवारी येताना ग्राफपेपर आण, आणि त्या बसचा ड्रायव्हर ब्रेक कुठं कुठं मारतोय ते बघत ये.